लिहून देऊ नकोस

प्रिय मुली,

तुझा फोन आला तेव्हा ओसरीवर वेचणीच्या बायांचा हिशेब चालला होता, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू रडत होतीस. तू पाठवलेला फोटो मी रात्री चष्मा लावून पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याच्या समुद्रात मैत्रिणींसोबत उभी आहेस, गुडघ्यापर्यंतची पँट, ओले केस, आणि खळखळून हसते आहेस. मला तुझं ते हसणंच आधी दिसलं. शाळेत शिकवायला आलीस त्या दिवसापासून तुला इतकं मोकळं हसताना मी पाहिलेलं नाही.

कुणीतरी तुझ्या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली एकानं लिहिलं, ‘हे मॅडम आमच्या पोराईले काय शिकोतीन?’ तिथून तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली आणि तुझ्या हातात कारणे दाखवा नोटीस आली. आई म्हणते, माफी माग आणि मोकळी हो. मुख्याध्यापक म्हणतात, दोन ओळी लिहून द्या, मी मिटवतो. दोघांच्याही मनात तुझं वाईट नाही, तरी लिहून देऊ नकोस.

मी दिलं होतं. 1989 ची गोष्ट. आम्ही चार शिक्षिका उन्हाळ्यात चिखलदऱ्याला गेलो होतो. मी पंजाबी ड्रेस घातला होता, डोळ्यांवर गॉगल, वाऱ्यानं केस उडालेले. रोल तालुक्याच्या स्टुडिओत धुवायला दिला. फोटो चांगला आला म्हणून स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून मला न विचारता दर्शनी काचेत लावला. आठवड्याच्या बाजाराला आलेल्या गावानं पाहिला. ‘बाईचं लक्ष शाळेत नाही’ असं सुरू झालं. मला बोलावून घेतलं, आणि मी घाबरून लिहून दिलं: ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असे वर्तन होणार नाही.’ कसली चूक, कसलं वर्तन, काही लिहिलं नाही. तो कागद फाइलमध्ये राहिला. चौदा वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी तो बाहेर आला. तोवर स्टुडिओ बंद पडला होता, फोटो कुणाला आठवत नव्हता, पण माझ्या हाताने लिहिलेली कबुली शाबूत होती. वाचणाऱ्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरले नाही. तुला ती सोसावी लागू नये.

राजीनाम्याचा विचारही मनातून काढून टाक. कोलकात्याच्या एका खाजगी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं प्रकरण 2022 मध्ये देशभर गाजलं. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तिच्या इन्स्टाग्रामवरच्या पोहण्याच्या पोशाखातल्या फोटोंबद्दल तक्रार केली होती. तिचं म्हणणं, राजीनामा द्यायला मला भाग पाडलं. विद्यापीठाचं म्हणणं, तिनं तो स्वेच्छेनं दिला. बंद खोलीत काय झालं ते कागदावर येत नाही, सही तेवढी येते.

तुझी भीती मला कळते. शिक्षणसेवक म्हणून 16,000 रुपयांवर आहेस, तीन वर्षं पुरी होऊन कायम व्हायची आहेस. म्हणून उत्तर मुदतीत दे आणि एका पानात बसव. फोटो शाळेच्या सुट्टीतला आहे, वैयक्तिक खात्यावरचा आहे, त्यात शाळेचं नाव, पदनाम, विद्यार्थी काही नाही, इतकं तारखेसह लिही. नोटिशीत जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, 1967 मधल्या नियम 3 चा उल्लेख आहे. त्यातल्या कोणत्या कर्तव्यात मी कसूर केली ते कळवावं, आणि मूळ तक्रारीची प्रत मिळावी, असं नम्रपणे माग. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला, हे एका वाक्यात आलं तर चालेल. भाषणबाजी नको. कपड्यांचा खुलासा तर अजिबात नको. ‘तशी मी साधीच राहते’ असलं वाक्य लिहिलंस की समोरच्याला तुझे कपडे मोजायचा अधिकार तूच दिलास. उत्तर मुख्याध्यापकांमार्फत दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे.

आता तुला न आवडणारं. पंधरा ऑगस्टला तू शाळेच्या फलकासमोर रील केलीस, मागे चौथीच्या मुली नाचताहेत, खाली तुझं नाव आणि शाळेचं. 28 जुलै 2025 चा शासन निर्णय आलेला होता. वैयक्तिक खात्यावरच्या फोटोत, रीलमध्ये पदनाम, शासकीय इमारत वापरू नका, असं त्यात आहे. नियम बाजूला ठेवला तरी त्या लेकरांचे चेहरे जगासमोर टाकताना त्यांच्या आयांना विचारलं होतंस का? तुझा फोटो तुला न विचारता फिरला म्हणून तू रडलीस ना? तक्रारीत ती रील नाही, तरी आजच काढ. कुणी विचारलं तर चूक मान्य कर. तिथे माफी मागायला मी तुला अडवणार नाही.

तक्रार शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायलाच हव्यात. तू म्हणालीस, नऊ सह्या आहेत आणि एकही बाईची नाही. मग ठराव कोणत्या सभेत झाला? इतिवृत्ताची प्रत माग. आणि समितीतल्या बाया कापूस वेचून घरी आल्या की संध्याकाळी त्यांच्याकडे जा. फोटोचा विषय तू काढू नकोस. त्यांच्या पोरीचं वाचन कुठवर आलं ते सांग.

पालक बिथरले की शिक्षिकेनं जायचं, ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. उमरेडच्या जाईबाई चौधरींनी हमाली करून पोट भरलं होतं. मिशनच्या शाळेत त्या शिकवू लागल्या, आणि बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. नोकरी गेली. 1922 मध्ये त्यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली. तुझं दुःख त्यांच्या दुःखाच्या मापाचं नाही, हे मी जाणते. पण जाईबाई शिकवतात कशा, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक. स्क्रीनशॉट तुझ्याच एका सहकाऱ्यानं पुढे ढकलला आणि तुझ्या शरीराबद्दल घाण लिहिलं, हे तू शेवटी हळूच सांगितलंस. ते सर्वांत गंभीर आहे. ते संदेश पुसू नकोस, तारीख-वेळ दिसेल असे जपून ठेव. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली तक्रार समितीकडे जाता येतं, मुदत तीन महिन्यांची आहे. जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तर मी सोबत येईन.

रविवारी ये. नोटीस, सुट्ट्यांची यादी, त्या संदेशांच्या झेरॉक्स, सगळं घेऊन. सकाळच्या एसटीनं आलीस तर जेवणाआधी मसुदा होईल. गोव्याचे बाकीचे फोटोही आण, मला पाहायचे आहेत.

तुझी,
मोठी बाई