पश्चिमेच्या भिंतीला कपाट ठोकण्याआधी एवढं वाचा

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण २०१९ च्या मे महिन्यात मी पुण्यातल्या माझ्या घरात अगदी ह्याच परिस्थितीत होतो. तुमचा कल्याणचा वन बीएचके, बेडरूमची पश्चिमेची भिंत, मागच्या पावसात आलेला ओलीचा डाग आता वाळलाय, त्यावर पुट्टी आणि रंग मारून ७ फुटी कपाट स्वतः बनवायचं, बजेट १५ हजार, आणि प्रश्न काय तर १८ एमएम प्लाय घेऊ का १२. प्लायचं सांगतोच, पण मला तुमच्या त्या 'वाळलाय' शब्दाचीच जास्त काळजी वाटतेय.

मे महिन्यात प्रत्येक भिंत वाळलेली असते हो. मी पण हात फिरवून बघितला होता, कोरडी ठणठणीत. थोडा लोणा होता, पांढरी पावडर, ती ब्रशने झाडली, वरून पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग. मग चार रविवार खपून कपाट केलं. मापं चोख, गुण्यात (काटकोनात) बसलेलं, वर सनमायका, मागे ६ एमएमची प्लाय, आणि ते आख्खं भिंतीला चिकटवून अँकरने आवळलं, एक कागद मागे जाणार नाही इतकं घट्ट. त्या घट्टपणाचा तेव्हा अभिमान वाटला होता आणि तीच सगळ्यात मोठी चूक होती.

ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की कुबट वास यायला लागला. आधी वाटलं कपडे दमट ठेवले असतील. गणपतीच्या आदल्या आठवड्यात खालच्या खणातून पांघरुणं काढली तर आईने हाताने शिवलेल्या दोन गोधड्यांवर काळे ठिपके. गोधडी उचलल्यावर मागच्या प्लायला बोट लावलं आणि बोट आत गेलं. प्लायचे पापुद्रे सुटले होते, ओल्या पुठ्ठ्यासारखे, आणि मधल्या थरात पांढरी बुरशी. गोधड्या तीन वेळा धुतल्या, उन्हात घातल्या, ते ठिपके आजही गेलेले नाहीत.

आता सोसायटीचं ऐका, कारण माझा खरा वेळ आणि पैसा तिथे गेला. ऑफिसात अर्ज दिला तर म्हणाले तुमच्या टॉयलेटचं सीपेज असेल, तुमचं तुम्ही बघा. म्हटलं टॉयलेट दुसऱ्या टोकाला आहे. मग म्हणाले बरं, येऊन बघतो. तीन आठवड्यांनी आले, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाले भिंत तर तुम्हीच झाकलीय, पाणी कुठून येतंय ते आम्हाला दिसणार कसं, आधी फर्निचर काढा मग बोलू. म्हणजे मी मेहनतीने बनवलेलं कपाटच त्यांना कारण म्हणून मिळालं. कपाट उतरवलं तोवर पाऊस संपला, भिंत वाळली, आणि उत्तर आलं की आता तर काही दिसत नाही, पुढच्या वर्षी बघू. दुसरा आख्खा पावसाळा कपडे ट्रंकेत. शेवटी निघालं काय, तर आमच्या वरच्या मजल्यालगत पावसाच्या पाण्याच्या पाइपचा जोड फुटलेला. दुरुस्तीला अर्धा दिवस पण लागला नाही. अजून लिहिताना सुद्धा संताप होतो.

म्हणून कळकळीने सांगतो, ह्या वर्षी त्या भिंतीला काहीही लावू नका, एक पावसाळा ती उघडी ठेवा. तुमच्याकडे पाऊस आमच्या पुण्याच्या साडेतीन पट, आम्हाला ७०० मिमीच्या आसपास पडतो तर तुम्हाला २,५०० च्या घरात, तेव्हा जे माझं ऑगस्टमध्ये झालं ते तुमचं जुलैच्या आतच होईल. पावसात भिंतीवर दोन बाय दोन फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने पक्का बंद करून लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीकडून आले तर भिंत पाणी सोडतेय, बाहेरून दव धरलं तर ती हवेतली ओल. शिवाय कॅलेंडरवर रोज लिहा, आज पाऊस होता का आणि डाग किती पसरला. डाग पावसाबरोबर वाढतो आणि उघडीप मिळाली की आटतो तर पाणी बाहेरचं. पावसाशी काही संबंधच नाही, बारा महिने ओल, तर मग आतली पाइपलाइन बघा. मी ही नोंद दुसऱ्या वर्षी केली, पेन्सिलने डागाच्या कडेला तारीख टाकून फोटो काढले, आणि ते फोटो समोर ठेवल्यावर पहिल्यांदा कोणीतरी गच्चीवर चढलं.

मी वकील नाही, फक्त माझ्या अनुभवाचं सांगतोय, पण आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (म्हणजे नमुना नियमावलीत) पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती दुरुस्त करणं हा सोसायटीचा खर्च धरलाय. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारलेत ते मागून घ्या. तोंडी काही बोलू नका, अर्ज लेखी द्या आणि कॉपीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. माझे पहिले दोन अर्ज बिनपोचेचे होते, ते 'मिळालेच नाहीत'.

बरं, आता प्लाय. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे साहेब' म्हणतो त्यावर जाऊ नका. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडची प्लाय म्हणजे फक्त दमट हवा सोसणारी, पाणी नाही, माझी तीच होती. ओलीची शंका असलेल्या भिंतीला निदान मागची प्लाय आणि खालचा तळ आयएस ७१० ह्या मानकाचा, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारी) घ्या, बाकी आतले खण साध्या प्लायचे चालतील, पैसे तिथे वाचवा. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि खाली सीएम/एल नंबर, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा कोणाचा निघतोय. शंका आली तर कापलेला छोटा तुकडा पातेल्यात तीन-चार तास उकळा, एमआर असली तर बहुतेक थर सुटायला लागतात. जाडीचं म्हणाल तर उभ्या बाजू आणि फळ्या १८, मागे ६ पुरे, १२ च्या फळीवर तीन फुटाचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) घेतलात तर वर्षभरात झोळ येतो.

आणि कपाट भिंतीपासून एक इंच पुढे ठेवा. मागे लाकडी गुटके देऊन वरून एल ब्रॅकेटने धरा, कारण ७ फुटी कपाट मोकळं सोडणं धोक्याचं, घरात लहान मूल असेल तर जास्तच. खाली तीन-चार इंचाचे पीव्हीसी पाय लावा, लादी पुसताना पण पाणी लागत नाही. प्लाय पाणी पिते ती कडेने, त्यामुळे जिथे जिथे कापलंय तिथे दोन हात ऑइल पेंट द्या, मागच्या न दिसणाऱ्या कडा सुद्धा, लोक नेमकं तेच सोडतात.

कटिंग दुकानातच करून घ्या असं माझं मत, काहींना पटणार नाही. ८ बाय ४ च्या शीटचा कागदावर नकाशा काढा, प्रत्येक कापाला करवतीचे ३ एमएम धरा, आणि पॅनल सॉवर (दुकानातल्या मोठ्या करवतीच्या मशीनवर) कापून आणा. हँड ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावून कापणारे व्हिडिओ बघितले असतील, ते कृपा करून करू नका, ब्लेड अडकलं की मशीन उडून अंगावर येतं. हत्यारं सगळी नवी लागत नाहीत, मी पटाशी आणि रंधा पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतले, अजून चालतात.

पाऊस चालू असताना त्या भिंतीचा बाहेरून एक फोटो काढा, पाइपचे जोड आणि वरच्या खिडकीचा छज्जा दिसेल असा, आणि इथे टाका. मी बघून सांगतो.