छोट्या असोसिएशनचं आमदार ऐकतात का? करसवलतीसाठी लॉबिंग नेमकं कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तालुक्यातल्या एमआयडीसीत निम्मे प्लॉट पडून आहेत, सरकारकडून टॅक्समध्ये सूट मिळवायची तर आमदारांना कसं गाठायचं आणि दहा-पंधरा कारखानदारांच्या असोसिएशनला कोण विचारतं. मी मराठवाड्यात, कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका तालुक्यात शेती अवजारांचं फॅब्रिकेशन करतो आणि नऊ वर्षं आमच्या असोसिएशनचा सेक्रेटरी आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर आमच्यासारखी दोन वर्षं वाया जातील. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे, मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सुरू झालेली. यात तालुक्यांचे गट पाडलेत, अ, ब, क, ड, ड+ असे, जितका मागास तितकी सवलत जास्त आणि हे सगळं शासन निर्णयाने म्हणजे जीआरने ठरतं, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. उद्योग विभाग प्रस्ताव करतो, वित्त विभाग अभिप्राय देतो, मंत्रिमंडळ मंजूर करतं. म्हणजे "साहेब आम्हाला टॅक्स माफ करा" असं आमदाराला म्हटलं तर त्याच्या हातात ते नाहीच. त्याच्या हातात आहे ते पत्र, तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सभागृहात मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) आणि मुख्य म्हणजे मंत्र्यांच्या दालनात बैठक लावणं.

दुसरं, जीएसटी आल्यापासून म्हणजे 1 जुलै 2017 पासून सूट देण्याची पद्धतच बदलली. आता टॅक्स आधी पूर्ण भरायचा आणि मग त्यातल्या राज्याच्या हिश्श्याइतकी, नाहीतर त्याच्या ठराविक टक्क्याने सबसिडी मागायची. ही सबसिडी बजेटमधल्या तरतुदीतून येते. तरतूद कमी पडली की मंजूर झालेले क्लेमसुद्धा लटकतात. आणि ती मोजतात महाराष्ट्रातच झालेल्या विक्रीवर. आमच्याकडे हाच घोळ होता, माझी निम्मी अवजारं बिदरला जातात, त्यावर आयजीएसटी म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी लागतो, त्यातला राज्याचा हिस्सा कर्नाटकाला मिळतो, मग महाराष्ट्र सरकार मला त्यावर सबसिडी कशातून देणार? कागदावर तालुका मागास, सवलत मोठी, पण सीमेवरच्या कारखान्याच्या हातात येतं थोडंच. हे आम्हाला आमच्याच सीएने समजावलं तेव्हा डोळे उघडले.

पहिल्यांदा आम्ही आमदारांकडे वीस जण गेलो होतो, शाल-श्रीफळ, फोटो आणि अकरा मागण्यांचं चार पानी निवेदन. पीएने ते घेतलं आणि टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवलं, तो गठ्ठा माझ्या कोपरापर्यंत उंच होता. आठ महिने काही नाही. दुसऱ्यांदा तिघंच गेलो आणि एकच पान नेलं. वरती एक ओळ, "मंजूर झालेली सबसिडी थकली आहे, पुरवणी मागण्यांत तरतूद करावी." (पुरवणी मागण्या म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकार विधिमंडळाकडे मागतं तो जादा खर्च.) खाली तक्ता, युनिट, कामगार किती, त्यातले तालुक्यातले किती आणि कोणत्या गावांचे, क्लेमची तारीख, मंजुरीचा नंबर, थकीत रक्कम. आमदारांनी तक्त्यातलं कामगारांच्या गावांचं कॉलम बोटाने खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ही पोरं सगळी आपल्याच गावांतली?" तिथून बोलणं सुरू झालं. त्याच आठवड्यात त्यांनी मंत्र्यांना पत्र दिलं आणि मसुदा आम्हालाच लिहायला सांगितला, तो तयार ठेवाच.

वेळ सांभाळा. अधिवेशन चालू असताना जाऊन उपयोग नाही, प्रश्न बऱ्याच आधी द्यावे लागतात. पुरवणी मागण्या येण्याच्या दोन-अडीच महिने आधी गाठ घ्या. त्याआधी जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना भेटा, जिल्हाधिकाऱ्यांकडच्या उद्योग मित्र समितीत विषय इतिवृत्तात घ्यायला लावा, कारण मंत्रालयात पहिला प्रश्न हाच येतो की जिल्ह्यातून काय अहवाल आहे. शेजारच्या तालुक्यांच्या असोसिएशनना सोबत घ्या आणि विरोधी पक्षाच्या आमदारालाही तेच पान द्या. 2016 मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली ती अशीच सगळ्या भागाची मागणी होती, एका तालुक्याची नव्हती.

आणि पैसे देऊन काम करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. जीआर सगळ्यांना सारखा असतो, त्यात तुमच्या एकट्याचं नाव कोणी घालू शकत नाही.

एक मनापासून सांगतो, सवलत मागताना बदल्यात काय देणार तेही लिहून द्या. हा जनतेचा पैसा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने 2017 मध्ये फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला 13,000 नोकऱ्यांच्या बदल्यात सुमारे 3 अब्ज डॉलरची सवलत कबूल केली होती, 2021 मध्ये करार बदलून नोकऱ्या 1,454 वर आणि सवलत 8 कोटी डॉलरवर आली. मूळ करारातच नोकऱ्या दिल्या तर पैसे अशी अट होती म्हणून राज्य बरंचसं वाचलं. आम्ही आमच्या पानावर स्वतःहून लिहिलं की कामगार कमी केले तर त्या वर्षीचा क्लेम करणार नाही. वित्त विभागाच्या अधिकाऱ्यांनी बैठकीत तीच ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

आमचे थकलेले दोन हप्ते नंतरच्या मार्चमध्ये जमा झाले. सीमेवरच्या तालुक्यांना महाराष्ट्रातल्या विक्रीऐवजी गुंतवणुकीवर सबसिडी द्यावी ही मागणी अजून बाकी आहे, त्यासाठी डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाणार आहोत. तुमचा तालुका पण सीमेवरचा असेल तर तुमचा तक्ता करून ठेवा, एकत्रच देऊ.