अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारे आजार) असेल तर प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जिवाणू किंवा यीस्ट) घेऊन फायदा होतो का?

आधी आजार नेमका कोणता ते पाहा, कारण उत्तर त्यावरच बदलतं.

क्रोन्समध्ये फायदा दिसलेला नाही. त्यावर पैसे घालवू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिस सौम्य ते मध्यम असेल तर थोडी आशा आहे, पण ठरावीक जिवाणूंपुरतीच. ई. कोलाय निसल १९१७ हा जिवाणू आजार शांत ठेवण्यात रोज १.५ ग्रॅम मेसालाझीन या आतड्याची सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या औषधाच्या जवळपास ठरला. आठ जिवाणूंच्या मिश्रणाचेही काही चांगले निकाल आहेत. तरीही अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये या दोन्ही आजारांत प्रोबायोटिक फक्त संशोधनाचा भाग म्हणूनच द्यावं असं सुचवलं. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी (पाऊच) केलेल्यांना पाउचायटिस, म्हणजे त्या पिशवीला सूज, होऊ शकतो, तिथे मात्र हे आठ जिवाणूंचं मिश्रण त्यांनी सुचवलं आहे.

लोक फसतात ते मात्रेत. पाउचायटिसच्या गाजलेल्या चाचणीत रोज १,८०० अब्ज जिवाणू दिले होते. मेडिकलमधल्या साध्या कॅप्सूलमध्ये काही अब्जच असतात. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव आणि संख्या वाचा. दही-ताक पचत असेल तर जरूर घ्या, पण आहार म्हणून, औषध म्हणून नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बरं वाटलं की मेसालाझीन बंद करणं. कृपया तसं करू नका, आजार उलटतो. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका: सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट अशा रुग्णांच्या रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत.