दरवर्षी तेच चार संघ खेळतात, मग ‘द रग्बी चॅम्पियनशिप’मध्ये पाहण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंय की न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना हेच चार संघ वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळत असतील तर त्यात नवं काय घडणार, आणि आयुष्यभर क्रिकेटच पाहिलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी. मी सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामाटाजवळ राहतो आणि २०१४ पासून ही स्पर्धा न चुकता पाहतो. माझ्या मते तेच चार संघ असणं हीच या स्पर्धेची ताकद आहे. कोण कुठे, कुणाकडून, किती फरकाने हरलं हे इथे कुणी विसरत नाही. आपल्याकडे ब्रिस्बेन किंवा मेलबर्न म्हटलं की प्रत्येकाला एकेक कसोटी आठवते, तसंच इथे न्यूझीलंडचं वेलिंग्टन, अर्जेंटिनाचं मेंडोसा, जोहान्सबर्गचं एलिस पार्क म्हटल्यावर होतं.

आधी खेळाचं थोडक्यात. पंधरा विरुद्ध पंधरा खेळाडू आणि ८० मिनिटं. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, फक्त मागे किंवा बाजूला. पुढे न्यायचा असेल तर छातीशी धरून पळायचं, नाहीतर लाथेने मारायचा. समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण. ट्रायनंतर खांबांमधून मारलेल्या किकचे (कन्व्हर्जन) २, समोरच्याने नियम मोडल्यावर मिळणाऱ्या पेनल्टी किकचे ३ आणि चालू खेळात मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३. कबड्डीतली पकड पाहिलेल्या मराठी माणसाला टॅकल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. स्क्रम मात्र नवा वाटेल: आठ विरुद्ध आठ जण खांद्याला खांदा भिडवून रेटतात आणि चेंडू मधल्या फटीतून मागे येतो.

गुणतक्त्यात विजयाचे ४ आणि बरोबरीचे २ गुण. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तर १ बोनस, आणि समोरच्यापेक्षा किमान तीन ट्राय जास्त केलेत तर आणखी १. म्हणून हरत असलेला संघही शेवटच्या मिनिटापर्यंत जीव तोडून खेळतो. प्रत्येक संघ इतर तिघांशी दोनदा भिडतो. विश्वचषकाच्या वर्षी मात्र एकदाच.

ही स्पर्धा जन्माला आली ती पैशांच्या लढाईतून. १९९५ पर्यंत रग्बी युनियन अधिकृतपणे हौशी खेळ होता. त्या वर्षी केरी पॅकरच्या पाठबळाने (क्रिकेटमध्ये बंडखोर मालिका भरवणारा ऑस्ट्रेलियन टीव्ही-मालक, क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नको) खेळाडू फोडून बंडखोर व्यावसायिक रग्बी सुरू करण्याचा डाव शिजत होता. तो उधळण्यासाठी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या मंडळांनी एकत्र येऊन रूपर्ट मरडॉकच्या कंपनीशी सामने टीव्हीवर दाखवण्याचा दहा वर्षांचा ५५.५ कोटी अमेरिकन डॉलरचा करार केला. ऑगस्टमध्ये खेळ व्यावसायिक झाल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९९६ ला, वेलिंग्टनच्या चिखलात ‘ट्राय नेशन्स’चा (म्हणजे तीन देशांची स्पर्धा, तेव्हाचं हिचं नाव) पहिला सामना झाला आणि न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ४३–६ असं लोळवलं. २०२३ पर्यंतच्या दहा विश्वचषकांपैकी नऊ याच तिघांनी जिंकले आहेत, यावरून दरवर्षी कोण कोणाशी भिडतं ते लक्षात येईल.

या वैरामागे खेळाबाहेरचाही इतिहास आहे. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारला खपत नाही म्हणून १९६० पर्यंत न्यूझीलंड तिथल्या दौऱ्यावर आपल्या मूळनिवासी माओरी खेळाडूंना नेत नसे. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा वर्णद्वेषाविरुद्धचे निदर्शक हॅमिल्टनच्या मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. तो सगळा काळ डोक्यात ठेवून सप्टेंबर २०१८ चा वेलिंग्टनचा सामना पाहा. दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार सिया कोलिसी संघ घेऊन उतरतो आणि ३६–३४ ने ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाला, त्यांच्याच राजधानीत हरवतो. मी हा सामना तीनदा पाहिला आहे.

पण तुमच्या ‘नवं काय घडणार’ या प्रश्नाचं खरं उत्तर अर्जेंटिना आहे.

त्यांना या पंगतीत पान मिळायला फार उशीर झाला. २००७ च्या विश्वचषकात त्यांनी यजमान फ्रान्सला दोनदा हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तरी दरवर्षी खेळायला त्यांच्याकडे एकही मोठी स्पर्धा नव्हती. त्यांचे चांगले खेळाडू युरोपातल्या क्लबांत विखुरलेले. त्या संघाचा कर्णधार आगुस्तीन पिचोत याने नंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि अखेर २०१२ मध्ये अर्जेंटिना चौथा संघ म्हणून आत आला. तेव्हापासून स्पर्धेचं नाव ‘द रग्बी चॅम्पियनशिप’. पहिल्या वर्षी मेंडोसात दक्षिण आफ्रिकेशी १६–१६ बरोबरी, बाकी सगळे पराभव. दुसऱ्या वर्षी सहाच्या सहा हरले. पहिला विजय आला तो अठराव्या सामन्यात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, पुन्हा मेंडोसातच, ऑस्ट्रेलियावर २१–१७. मी पाहिलेला हा पहिलाच मोसम, आणि मी यांचा झालो तो तेव्हाच. राहतो ऑस्ट्रेलियात, मुलगी वॉलबीजची (ऑस्ट्रेलियाच्या संघाची) जर्सी घालते, तरीही.

त्यांचं पुढे जाणं कधीच सरळ रेषेत नव्हतं. २०१८ मध्ये साल्टाला ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतराला ३१–७ ने पुढे होते, आणि ३४–४५ ने हरले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग २०२० आलं. साथीमुळे दक्षिण आफ्रिकेने माघार घेतली, उरलेल्या तिघांची स्पर्धा इथे ऑस्ट्रेलियातच भरली. अर्जेंटिनाच्या संघाने ४०२ दिवसांत एकही कसोटी (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्याला हेच म्हणतात) खेळली नव्हती. काही खेळाडूंना कोविड होऊन गेला होता. इथे येऊन विलगीकरणात राहून ते थेट न्यूझीलंडसमोर उभे राहणार होते, ज्यांना अर्जेंटिनाने इतिहासात कधीच हरवलं नव्हतं. जवळात जवळ गेले होते ते १९८५ मध्ये, ब्वेनोस आइरेसला २१–२१ बरोबरी. त्यातले २१ च्या २१ गुण उगो पोर्ता या एकट्याचे.

सामना पॅरामाटाच्या स्टेडियमवर, आमच्या घरापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. तारीख १४ नोव्हेंबर, आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. सामना संध्याकाळी पाचनंतरचा, आणि इथे नोव्हेंबरात सूर्य साडेसातच्या पुढे मावळतो, म्हणून मी निघालो. बायकोने दारातच बजावलं, “दिवे लागायच्या आत परत ये.” साथीच्या नियमांमुळे सगळ्या जागा भरू देत नव्हते, त्यामुळे मैदानावरचं ओरडणंसुद्धा वरपर्यंत ऐकू येत होतं.

अर्जेंटिनाने काही चमत्कारिक केलं नाही. त्यांनी फक्त टॅकल केल्या. एकामागून एक, ८० मिनिटं. ऑल ब्लॅक्सचा माणूस चेंडू घेऊन निघाला की दोन निळे-पांढरे त्याच्या कमरेला. चिडून न्यूझीलंडने चुका केल्या, पेनल्ट्या दिल्या, आणि निकोलास सांचेस एकेक किक खांबांमधून घालत राहिला. एक ट्राय, एक कन्व्हर्जन, सहा पेनल्ट्या. अर्जेंटिना २५, न्यूझीलंड १५. सगळेच्या सगळे २५ गुण सांचेसचे, पस्तीस वर्षांपूर्वीच्या पोर्तासारखेच. शिट्टी वाजली तेव्हा स्क्रममध्ये रेटणारे ते दांडगे फॉरवर्ड गवतावर बसून रडत होते. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा खांद्यावर झेंडा घेऊन नुसते उभे होते, टाळ्याही वाजवत नव्हते. घरी पोचलो तेव्हा पणत्या लावून झाल्या होत्या. बायकोने माझा चेहरा पाहिला आणि काही बोलली नाही.

दोन आठवड्यांनी न्यूकॅसलला परतीचा सामना होता. त्याआधी तीनच दिवस मॅराडोना गेला होता. हाका, म्हणजे न्यूझीलंडचा संघ सामन्याआधी करतो ते माओरी नृत्य, सुरू होण्यापूर्वी ऑल ब्लॅक्सचा कर्णधार सॅम केन पुढे आला आणि त्याने मॅराडोनाचं नाव आणि १० हा आकडा असलेली काळी जर्सी अर्जेंटिनाच्या खेळाडूंपुढे जमिनीवर ठेवली. मग न्यूझीलंडने ३८–० ने सामना जिंकला. शत्रुत्व आणि आदर एकाच संध्याकाळी इतके शेजारी शेजारी मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेले नाहीत.

त्यानंतर अर्जेंटिना हळूहळू दचकवण्याच्या पलीकडे गेला. २०२२ मध्ये क्राइस्टचर्चला २५–१८, न्यूझीलंडच्या भूमीवरचा पहिला विजय (पुढच्याच आठवड्यात हॅमिल्टनला ३–५३ असा मारही खाल्ला). २०२४ मध्ये वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडला ३८–३०, सांता फेमध्ये ऑस्ट्रेलियाला ६७–२७, आणि दक्षिण आफ्रिकेला २९–२८. एकाच मोसमात तिघांनाही हरवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. २०२५ मध्ये ब्वेनोस आइरेसला २९–२३, घरच्या मैदानावर ऑल ब्लॅक्सवर पहिला विजय.

आणि तरी २०२५ मध्ये अर्जेंटिना शेवटचा आला. त्या वर्षी चारही संघांनी किमान दोन-दोन सामने जिंकले. न्यूझीलंडने ऑकलंडच्या ईडन पार्कवर, जिथे ते १९९४ नंतर हरलेले नाहीत, दक्षिण आफ्रिकेला २४–१७ ने हरवलं. आठवड्याभरात वेलिंग्टनला तोच दक्षिण आफ्रिकेचा संघ ४३–१० ने जिंकला. ऑल ब्लॅक्सच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात इतक्या फरकाने ते कधी हरले नव्हते. अखेर दोघांनी चार-चार सामने जिंकले, आणि विजेतेपद दक्षिण आफ्रिकेकडे गेलं ते शेवटच्या दिवशी लंडनमध्ये अर्जेंटिनाला २९–२७ ने हरवून. दोन गुणांनी!

आता सुरुवात कुठून करायची. २०२६ च्या वेळापत्रकात ही स्पर्धा नाही. त्या वर्षी नवी नेशन्स चॅम्पियनशिप आहे आणि ऑल ब्लॅक्सचा दक्षिण आफ्रिकेचा लांबलचक दौरा आहे. त्यामुळे जुने सामने पाहायला हीच वेळ बरी. स्पर्धा पुन्हा सुरू झाली की भारतातून वेळा सोयीच्या असतात: न्यूझीलंडमधला सामना शनिवारी साधारण साडेबाराला, सिडनी-ब्रिस्बेनचा दुपारच्या चहाला, जोहान्सबर्गचा रात्री साडेआठच्या सुमाराला. फक्त अर्जेंटिनातल्या सामन्यासाठी जागरण करावं लागतं.

पहिला पाहा १५ जुलै २००० चा सिडनीतला, ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड. १,०९,८७४ प्रेक्षक. पहिल्या काही मिनिटांतच न्यूझीलंड २४–०, मध्यंतराला २४–२४, आणि अगदी शेवटी जोना लोमू डाव्या कडेने धावत जाऊन ३९–३५. आवेग म्हणजे काय ते यात समजेल.

मग ऑगस्ट २०२५ चा एलिस पार्कचा. तिथे ऑस्ट्रेलिया १९६३ नंतर जिंकला नव्हता, आणि जोहान्सबर्ग शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंच, बाहेरच्या संघाला लवकर धाप लागते. दक्षिण आफ्रिका सुरुवातीलाच २२–० ने पुढे जाते. तिथे सामना बंद करू नका. पुढचे सगळे ३८ गुण ऑस्ट्रेलियाचे आहेत.