हात लहान आहेत म्हणून स्ट्रॅट गिटार देऊन लेस पॉल घ्यावी का? वर किती पैसे द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्क्वायर (फेंडरचा स्वस्त ब्रँड) ॲफिनिटी स्ट्रॅट आहे, वर्ष झालं तरी पहिल्या फ्रेटवरचा एफ बॅरे, म्हणजे पहिल्या बोटाने सहाही तारा दाबून लावायचा एफ कॉर्ड, स्वच्छ लागत नाही, बोटं आखूड आहेत. ओळखीतल्या एकाने सांगितलं की लेस पॉलची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, आखूड असते, स्ट्रॅट देऊन टाक, वर पैसे घालून एपिफोन लेस पॉल घे.

पैशांचं नंतर बोलतो. आधी हा सल्ला तपासू, कारण तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा महागात पडतो.

स्ट्रॅटची स्केल २५.५ इंच, लेस पॉलची कागदावर २४.७५. ऐकायला पाऊण इंच बरंच वाटतं. पण तुमच्या बोटांना ते सगळं मिळत नाही, ते तारेच्या पूर्ण लांबीत वाटलं जातं. नटपासून (गिटारच्या डोक्याजवळची खाचांची पट्टी, जिच्यातून तारा जातात) चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर स्ट्रॅटवर १३३.६ मिमी येतं, लेस पॉलवर १२९.७. म्हणजे चार फ्रेटवर बोटं फाकवताना चार मिलिमीटरसुद्धा वाचत नाहीत. चौथं बोट अगदी थोडक्यात हुकत असेल तर तेवढ्यानेही काम होतं. पण तुमची तक्रार बोटं फाकवण्याची नाहीच. बॅरेत पहिलं बोट सहाही तारा दाबू शकत नाही, ही तक्रार तारांच्या उंचीची आणि ताकदीची आहे.

आता तारा. स्क्वायरवर साधारण ९-४२ चा संच येतो (बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), एपिफोन लेस पॉलवर १०-४६. पहिली तार ९ ची असेल तर २५.५ इंचावर तिच्यात सुमारे ६ किलोचा ताण असतो. तीच तार १० ची, २४.७५ इंचावर, जवळपास ७ किलो मागते. स्केल आखूड झाली, तरी खोक्यातून काढलेली लेस पॉल तुमच्या आत्ताच्या स्ट्रॅटपेक्षा कडक लागणार. त्यावर ९ चा संच चढवला तर मात्र ताण सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो, आणि ती खरी मऊ वाटते. हे एक वाक्य तुमच्या ओळखीच्या माणसाने सांगायला हवं होतं.

शिवाय वजन. लेस पॉल चार किलोच्या आसपास किंवा वर जाते, तुमची स्ट्रॅट साधारण साडेतीनच्या आत-बाहेर. लेस पॉलचा काठ चौकोनी असतो, स्ट्रॅटसारखा हाताखाली आणि पोटाशी उतरता केलेला नसतो. नेकचंही, म्हणजे गिटारच्या मानेचंही, पाहा. एपिफोनच्या लेस पॉल स्टँडर्डमध्ये ५०ज (फिफ्टीज) आणि ६०ज (सिक्स्टीज) असे दोन प्रकार आहेत. ५०जची नेक भरीव आणि गोल, ६०जची सडपातळ. आखूड बोटांच्या माणसाने नुसतं ‘लेस पॉल’ म्हणून ५०ज उचलली तर त्याने अडचण विकत घेतली.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण गिटार शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून ऐकवली जाते. याचा मला राग आहे, कारण स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारमध्ये अंगण खरोखरच वाकडं असतं आणि ते मोजता येतं. कारखान्यातून नटच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवलेल्या असतात, कारण जास्त खोल गेल्या तर मोकळी तार खडखडते आणि माल परत येतो. उंच नटचा सगळ्यात वाईट परिणाम कुठे होतो? पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेमका एफवर.

साधी खूण सांगतो. तोच बॅरे पाचव्या फ्रेटवर लावा, ए मेजर. तिथे स्वच्छ लागत असेल आणि पहिल्यावर मरत असेल, तर दोष बहुधा बोटात नाही, नटमध्ये आहे. मग प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उचललेली दिसते ते पाहा. पातळ कागद जेमतेम सरकेल एवढी फट असावी. तार दाबल्यावर स्पष्ट खाली जाताना दिसत असेल तर नट उंच आहे. आकडा हवा असेल तर मोकळ्या तारेखाली पहिल्या फ्रेटवर फीलर गेज घाला. गॅरेजवाले टॅपेट मोजायला वापरतात तेच. जाड तारेला साधारण ०.५ मिमी, बारीक तारेला ०.३ च्या आसपास ठीक. याच्या दुप्पट निघालं तर तुम्ही वर्षभर विनाकारण झगडलात.

सेटअपला द्याल तर क्रम हा: आधी नेकचा बाक, मग नट, शेवटी सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते आधार). पहिल्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबून आठव्यावर फट मोजायची, साधारण ०.२५ मिमी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) घट्ट करायचा, एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून मोजायचं. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिमी. नटची खाच तारेच्या जाडीच्या कानशीनेच कापायची आणि हेडस्टॉककडे (खुंट्या असतात त्या डोक्याकडे) किंचित उतरती ठेवायची. उलटी उतरली की मोकळी तार सतारीसारखी झणझणते. खाच चुकून खोल गेली तर खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू भरून ती पुन्हा कापता येते. ती तात्पुरती मलमपट्टी आहे, नवा नट बसवणं चांगलं, आणि तो महाग नसतो.

हे झाल्यावर, आणि हे झाल्यावरच, स्केलची चाचणी घ्या. गिटार न विकता घेता येते. सगळ्या तारा एका फ्रेटने खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर केपो लावा. सूर नेहमीचाच राहतो, पण वाजणारी तार आता साधारण २४.०७ इंचांची. म्हणजे तुमच्या हातात फेंडर मस्टँगची स्केल आली, ताणासकट. फ्रेटवरच्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष करून आठवडाभर असंच वाजवा. नट आधी दुरुस्त करा म्हणतो ते यासाठी की केपो नटचं काम स्वतःकडे घेतो. नट उंच असताना केपो लावला की सगळं एकदम सोपं होतं आणि माणूस त्याचं श्रेय आखूड स्केलला देऊन मोकळा होतो. अशाने चांगल्या गिटार विकल्या जातात.

निकाल वाचणं सोपं आहे. २४ इंचांवरही हाताला फारसा फरक जाणवला नाही, तर २४.७५ वर मुळीच जाणवणार नाही. मग लेस पॉल आवाजासाठी घ्या, हंबकर पिकअपसाठी घ्या, दिसायला आवडते म्हणून घ्या, पण हातासाठी नको. फरक मोठा जाणवला, तर लेस पॉलवर थांबता कशाला? सरळ २४ इंचांची घ्या. स्क्वायर सोनिक मस्टँग आहे, क्लासिक व्हाइब मस्टँग आहे. चौथ्या फ्रेटपर्यंत १२५.८ मिमी, म्हणजे स्ट्रॅटपेक्षा आठेक मिलिमीटर कमी.

इथे लगेच कोणीतरी म्हणणार, आखूड स्केल म्हणजे पोराटोरांची गिटार. हा वाद जुना आहे आणि मला तो इथे मिटवायचाच आहे. फेंडरने ड्युओ-सॉनिक आणि मस्टँग शिकणाऱ्यांसाठी काढल्या, हे खरं. पण १९६२ साली त्याच फेंडरने जॅग्वार आणली ती २४ इंचांची, आणि ती त्यांच्या यादीतली सगळ्यात वरची गिटार होती, स्ट्रॅटपेक्षा महाग. त्याआधी, १९५५ साली, गिब्सनने बर्डलँड काढली, २३.५ इंचांची. ती नॅशव्हिलच्या बिली बर्ड आणि हँक गार्लंड या दोन मुरलेल्या व्यावसायिक वादकांसाठी होती, आणि बोटं लांब फाकवावी लागणारे कॉर्ड सहज पडावेत हाच तिचा उद्देश होता. कर्ट कोबेनने मस्टँगही वाजवली, जॅग्वारही. स्वतःच्या हाताला बसेल ती गिटार मागण्यात लाज वाटावी असं काही नाही, आणि ‘सराव कर, हात आपोआप मोठा होईल’ हे उत्तर शिकवणाऱ्याने देऊ नये. प्रौढ माणसाचा हात वाढत नाही.

रुंदीची गोष्ट वेगळी आहे, ती स्केलमध्ये मिसळू नका. अंगठा जाड तारेपर्यंत वळत नसेल तर नटची रुंदी पाहा. यामाहा पॅसिफिका ११२ ला ४१ मिमी आहे, स्क्वायरला ४२, लेस पॉलला ४३. उलट, बोटं जाड असून शेजारची तार मरत असेल तर अरुंद नटने त्रास वाढेल.

आता देवघेव. दुकानातल्या एक्स्चेंजमध्ये एकच आकडा सांगितला जातो, ‘वर इतके द्या’. तो मान्य करू नका. दोन आकडे वेगळे मागा: माझी गिटार कितीला धरली, आणि तुमची गिटार बदली न करता रोखीने कितीला दिली असती. समजा तुमची थेट गिऱ्हाइकाला बारा हजारांना जाईल. दुकान ती आठला धरेल, कारण त्यांना ती पुसून, तारा बदलून, ठेवून विकायची आहे. इथवर ठीक, तो त्यांचा धंदा आहे. पण समोरच्या गिटारवर रोखीत मिळणारी सूटही एक्स्चेंजमध्ये गुपचूप गायब होते, आणि तेव्हा तोटा दुप्पट होतो.

दोन वादकांमधल्या अदलाबदलीत दोन्ही गिटार जुन्या म्हणूनच धरा. बिलावरची किंमत विसरा, आज तेच मॉडेल नवं कितीला मिळतं ते पाहा. चांगल्या स्थितीतली गिटार त्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत धरावी, असं माझं मत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वरची रक्कम. तुम्ही पिकअप बदलले असतील तर मूळचे परत बसवा आणि नवे सुटे विका. बदललेल्या गिटारला जास्त पैसे कोणी देत नाही.

भेट घरी नको, जॅम रूम तासभर घ्या. दोन्ही गिटार एकाच ॲम्पवर लावा, स्वतःची केबल न्या. समोरची लेस पॉल असेल तर आधी नटच्या मागे, हेडस्टॉकच्या गळ्यापाशी, मोबाइलचा दिवा तिरपा धरून केसासारखी रेघ शोधा. तिथे मान मोडते, कारण हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि ट्रस रॉडच्या खाचेमुळे लाकूडही तिथेच कमी उरतं. मग बॉडीच्या टोकाकडून नेकवर नजर टाकून पीळ पाहा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. ट्रस रॉड अजून फिरतो का ते विचारू नका, समोर फिरवून दाखवायला सांगा. पूर्ण आवळून संपलेला रॉड असलेली गिटार फुकटातही महाग. पॉट (आवाज-टोनची फिरकी) खरखरत असेल तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जातं. मुंबई-कोकणच्या हवेत सॅडलचे स्क्रू गंजून अडकलेले असतात, ते मात्र ॲलन की लावून तपासा.

हेडस्टॉकवर गिब्सन लिहिलंय आणि किंमत संशयास्पद कमी आहे, तर ट्रस रॉडच्या झाकणाचे स्क्रू मोजा. गिब्सनच्या घंटेच्या आकाराच्या झाकणाला दोन असतात, नकली मालावर बऱ्याचदा तीन.

पैसे यूपीआयने घेताना पिन टाकायची वेळ आली तर थांबा. पैसे मिळायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. लष्करात आहे, बदली झाली, न बघता पूर्ण पैसे पाठवतो म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. मूळ बिल मागा. नसेल तर कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या, हेडस्टॉकच्या मागच्या बाजूचा फोटो काढा.

काही गोष्टी उशिरा आठवल्या. मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखत असेल, नुसता थकत नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. मस्टँगवर तारा मऊ होतात, म्हणून जोरात दाबणाऱ्याचा सूर चढतो. तिथे ९ ऐवजी १० चा संच बरा. गिब्सन-एपिफोनची एसजी हलकी असते आणि स्केल लेस पॉलचीच, पण उभं राहून वाजवताना तिची मान खाली झुकते, रुंद खरखरीत चामड्याचा पट्टा लागतो. आणि अदलाबदल पावसाळ्यात करत असाल, गिटार नागपूरहून मुंबईला किंवा उलट येणार असेल, तर आल्या आल्या ट्रस रॉडला हात लावू नका. दोन-तीन दिवस खोलीत राहू द्या, मग सुरात लावून आठव्या फ्रेटवरची फट मोजा.