खुनी कोण हे आधीच कळले, तर पुढे वाचण्यात काय उरते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका रहस्यकादंबरीतील खुन्याचे नाव मित्राने बोलण्याच्या ओघात सांगून टाकले, निम्मे पुस्तक वाचायचे राहिले आहे, तर ते पुरे करावे की तसेच परत करावे, आणि भयपट व हॉरर गेम यांचाही शेवट कळला की असाच विरस होतो का? मी समीक्षक नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर गेली बावीस वर्षे हिशेब लिहितो, रात्रीचे जेवण उरकल्यावर वाटीभर भडंग घेऊन रहस्यकथा वाचत बसतो आणि अलीकडे पुतण्याच्या नादाने थोडेफार गेमही खेळू लागलो आहे. एवढ्या शिदोरीवर सांगतो की पुस्तक पुरे करा. मात्र तिन्ही प्रकारांना एकच न्याय लावता येणार नाही, कारण प्रत्येकाचा जीव वेगळ्या ठिकाणी असतो.

आपल्यावर एकदा आलेली ही आपत्ती माझ्यावर सात-आठ वेळा तरी आली आहे. मी ज्या वाचनालयाचा सभासद आहे, तेथील रहस्यकथांच्या कपाटात माझ्या आधी कोणीतरी नियमाने फिरून गेले आहे, आणि त्या व्यक्तीला समासात शिसपेन्सिलीने लिहिण्याची सवय आहे. पहिल्यांदा हा प्रकार दिसला तो एका जुन्या, पुठ्ठा सुटत आलेल्या कादंबरीच्या बासष्टाव्या पानावर. अक्षर बारीक आणि नेटके, शब्द दोनच: ‘डॉक्टरनेच केला.’ माझा इतका संताप झाला की दुसऱ्या दिवशी ते पान उघडून मी ग्रंथपालांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर करून मजकूर वाचला, टेबलाच्या खणातून खोडरबर काढले आणि काही न बोलता माझ्या हातात दिले.

हट्टाने ते पुस्तक मी पुरे केले. खून डॉक्टरनेच केला होता. परंतु वाचताना माझ्या ध्यानात आले की मी आता वेगळेच काही पाहतो आहे. डॉक्टर दिवाणखान्यात येतो, प्रेताची नाडी पाहतो आणि मृत्यू किती वाजता झाला असावा ते सांगतो, तेव्हा घरातील सर्व माणसे त्याच्याकडे विश्वासाने पाहत असतात. मी एकटाच त्याच्या हातांकडे पाहत होतो. लेखकाने त्याच्या तोंडी घातलेले प्रत्येक वाक्य खरे म्हणूनही वाचता येत होते आणि खोटे म्हणूनही. नाव ठाऊक नसते, तर ती वाक्ये मी भडंगाबरोबर गिळून टाकली असती.

माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे नीट मांडता येणार नाही. महिनाअखेरीस बँकेच्या खातेउताऱ्याशी पेढीच्या रोजकीर्दीचा मेळ घालावा लागतो. उताऱ्यावरील शिल्लक समोर छापलेली असते, म्हणजे शेवट आम्हाला पहिल्याच मिनिटाला माहीत असतो. आमच्या वहीतील आकडा तेथे पोहोचत नाही आणि समजा ५४० रुपयांचा फरक राहतो. अशा वेळी अनुभवी दिवाणजी प्रथम त्या फरकाला नऊने भागून पाहतो. निःशेष भाग गेला की कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा आडाखा असतो. आणि दोन तास वह्या चाळल्यावर १७१०च्या जागी ११७० लिहिलेली नोंद सापडते. उत्तर ठाऊक असूनही त्या दोन तासांत मला एकदाही कंटाळा आलेला नाही. खुन्याचे नाव म्हणजे उताऱ्यावरची शिल्लक होय. रहस्यकथा त्या शिल्लकेपर्यंतच्या नोंदींमध्ये असते.

अर्थात हे प्रामाणिकपणे लिहिलेल्या पुस्तकांनाच लागू पडते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे, १९२९ मध्ये या लेखनाचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आला पाहिजे, आणि गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दाखवला पाहिजे, हे त्यांतले दोन. ज्या पुस्तकात शेवटच्या दहा पानांत आफ्रिकेहून जुळा भाऊ उगवतो, ते पुस्तक नाव कळताच संपते. पण खरे पाहता ते आधीपासूनच संपलेले असते, मित्राने फक्त आपला वेळ वाचवलेला असतो. नाव सुरुवातीलाच सांगून टाकण्याची रीतही तशी नवी नाही. ऑस्टिन फ्रीमन या लेखकाने १९१२ च्या आपल्या कथासंग्रहात आधी गुन्हा घडताना दाखवला आणि मग तो उलगडताना दाखवला. आपल्याकडे ‘दृश्यम’ पाहून आलेला प्रेक्षक दोन ऑक्टोबरचा विनोद आजही करतो. त्या चित्रपटात मृत्यू कसा झाला हे आपण डोळ्यांदेखत पाहिलेले असते, आणि तरीही पोलीस साळगावकरांच्या धाकट्या मुलीला प्रश्न विचारू लागतात तेव्हा आपण खुर्चीच्या टोकावर आलेलो असतो.

मराठी वाचकाला तर ही सवय जुनीच आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. माझे वडील त्या भाड्याने आणून वाचत, आणि अखेरीस त्यांतला नायक झुंजार सुटणार आहे, दुसरा नायक काळा पहाड हाती लागणार नाही, हे त्यांना मुखपृष्ठ पाहतानाच ठाऊक असे. ‘तो कसा सुटतो ते बघायचे’, एवढेच ते म्हणत.

येथे माझ्या बाजूचा एक पुरावा मी मुद्दाम कमी वजनाने ठेवतो. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बारा कथा निरनिराळ्या वाचकांना वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून आणि काहींना न सांगता. आणि शेवट माहीत असलेल्यांना त्या कथा सरासरीने किंचित अधिकच आवडल्या. आमच्याकडील काही वाचक हा दाखला देऊन बेधडक शेवट सांगत सुटतात, ते मला पटत नाही. त्या लघुकथा होत्या. तीनशे पानांच्या कादंबरीत आपण चार रात्री चुकीच्या माणसावर संशय घेतो, त्याच्याविषयी मनात अढी धरतो आणि पाचव्या रात्री वरमतो. ते वरमणे एकदाच मिळते, आणि आपल्या मित्राने नेमके तेच आपल्याकडून काढून घेतले आहे. त्यामुळे पुस्तक पुरे करा असे मी म्हणत असलो, तरी मित्राला दोषमुक्त करत नाही. ॲगाथा ख्रिस्ती यांची १९२६ मधील रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी ज्यांनी वाचलेली नाही, त्यांच्यासमोर मी त्या पुस्तकाविषयी हवामानाखेरीज काहीही बोलत नाही.

भयपटाची गोष्ट निराळी आहे. तेथे ‘कोण’ याला फारशी किंमत नसते. किंमत असते ती ‘केव्हा’ला. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना याचे जे उदाहरण दिले ते प्रसिद्धच आहे: टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोट त्याला पंधरा सेकंद दचकवील, माहीत असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पा त्याला पंधरा मिनिटे छळतील. म्हणजे भीतीला माहिती लागते, फक्त वेळ कळता कामा नये. माझी पत्नी एक जुना भयपट तीनदा पाहून चौथ्यांदा पाहत होती. जिन्यावरच्या त्या प्रसंगात काय होणार हे तिला पाठ होते, तरीही तिने पदर डोळ्यांवर घेतला आणि ‘झाले का?’ असे मला विचारत राहिली. मी गंमत म्हणून आवाज बंद केला. तिने पदर खाली घेतला, पडद्याकडे पाहिले आणि ती हसू लागली. संगीत एकाएकी थांबते, शांतता क्षणभर नको इतकी लांबते आणि मग दार आदळते, या तीन गोष्टींनी आपला श्वास बांधलेला असतो. आवाज गेला की उरते ते रंग लावलेले माणूस. मोबाइलवर भयपट पाहणाऱ्यांची भीती कमी होते तीही याच कारणाने. खालच्या पट्टीवर बोट ठेवले की पुढचे चित्र चौकटीत दिसते आणि ‘केव्हा’ आपल्या ताब्यात येते.

कथा ठाऊक असलेला प्रेक्षक तिकीट काढतो का, ही शंका निदान आमच्या गावात तरी कोणी घेऊ नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा धनुष्य कोण उचलणार हे ठाऊक नसलेला एकही प्रेक्षक तेथे बसला नसेल. त्याच्या अगदी उलट, लंडनमध्ये १९५२ पासून चालत आलेल्या ख्रिस्तीबाईंच्या ‘माउसट्रॅप’ नाटकात पडदा पडताना प्रेक्षकांना रहस्य बाहेर न फोडण्याची विनंती केली जाते. अलीकडचा दाखला ‘तुंबाड’ या भयपटाचा. २०१८ मध्ये त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमला, आणि त्या गर्दीत हस्तर म्हणजे काय हे घरी पडद्यावर पाहून आलेले लोक पुष्कळ होते. माझा पुतण्या त्यांतलाच. त्याला तो पाऊस आणि तो वाडा मोठ्या पडद्यावर पाहायचा होता.

आता गेम. या बाबतीत मी नवशिका आहे, परंतु येथेच माझे मत सर्वांत अधिक बदलले. पुतण्याने मला २०१४ चा ‘एलियन: आयसोलेशन’ खेळायला बसवले आणि सगळे आधीच सांगून टाकले: अवकाशस्थानकावर एक प्राणी आहे, तो मारता येत नाही, त्याला चुकवत राहायचे. म्हणजे ‘कोण’ही कळले आणि ‘काय’ही कळले. तरीसुद्धा मी लोखंडी कपाटात लपलो असताना तो प्राणी फटीसमोर येऊन थांबला, श्वास रोखण्यासाठी बटण दाबून ठेवावे लागले, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आले की बटणाबरोबर मी माझा स्वतःचा श्वासही रोखून धरला आहे. पुस्तकात पान मी उलटतो आणि चित्रपटात दार आपोआप उघडते. येथे मात्र दार उघडण्याचे पाप माझ्याच माथी असते. शिवाय तो प्राणी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येत नाही. खेळाडू साधारण कोठे आहे याची कुणकुण खेळाची यंत्रणा त्याला देते, पण शोध त्याने स्वतःच्या डोळ्या-कानांनी घ्यायचा, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे दहा वेळा खेळलेल्या पुतण्यालाही ‘केव्हा’ सांगता येत नाही.

मग हॉरर गेमला मारते काय? पुन:पुन्हा मरणे. त्याच बोळात मी पहिल्यांदा मेलो तेव्हा ओरडलो आणि स्वयंपाकघरातून विचारणा झाली. पाचव्यांदा मेलो तेव्हा मी उद्याच्या सौद्यांचा विचार करत होतो. पुतण्या म्हणाला, “काका, आता तुम्ही घाबरत नाही, वैतागता.” त्याचे म्हणणे अचूक होते. या खेळांचे जुने कर्ते हे ओळखून होते. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये खेळ जपून ठेवायचा तर टंकलेखन यंत्रापाशी जावे लागे आणि त्यासाठी शाईची रिबन खर्ची पडे, रिबनी मोजक्याच. म्हणजे मरणाची भीती बोथट झाली तरी अर्ध्या तासाची कमाई बुडण्याची भीती शिल्लक राही. हिशेबनीस माणसाला ती भीती समजावून सांगावी लागत नाही.

एक अपवाद मात्र नोंदवतो. सर्व गेम भयाचे नसतात. २०१८ च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये ओसाड परतलेल्या जहाजावरील साठ जणांचे काय झाले ते तर्काने ठरवायचे असते, आणि तीन जणांची उत्तरे बरोबर आली की मगच खेळ ती पक्की करतो. त्याचे उत्तर कोणी सांगितले, तर खेळण्यासारखे काहीच उरत नाही, कारण तेथे मेळ घालण्याचे काम आपलेच असते आणि ते दुसऱ्याने करून ठेवलेले असते. आपल्या मित्राला तो खेळ ठाऊक असेल, तर त्याच्यापासून दोन हात दूर राहा.

त्या पेन्सिलीचे सांगायचे राहिले. ते खोडरबर मी कधी वापरले नाही. तिसऱ्या की चौथ्या पुस्तकात तेच नेटके अक्षर पुन्हा भेटले: ‘सावत्र आई.’ या वेळी मी मुकाट्याने तिच्या हातांवर नजर ठेवली, दीडशे पाने ठेवली, आणि शेवटी खुनी निघाला तो बागेचा माळी. मी उठून बसलो. मागे जाऊन पाहिले, तर ते शब्द अठ्ठेचाळिसाव्या पानावर होते, आणि डॉक्टरचे बासष्टाव्या. ज्याला शेवट सांगून दुसऱ्याचा विरस करायचा असतो, तो पहिल्या पानावर लिहितो. अठ्ठेचाळिसाव्या पानावर तो लिहितो, ज्याला त्या क्षणी संशय आला आहे. तो माणूस, किंवा ती बाई, रहस्य फोडत नव्हती, पैज लावत होती. तेव्हापासून आम्ही दोघे स्पर्धेत आहोत असे मी समजतो. आतापर्यंत त्या अक्षराची चार नावे बरोबर आणि तीन चूक निघाली आहेत. माझा हिशेब याहून वाईट आहे. मी पुस्तकात लिहीत नाही, पेढीच्या जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर पान क्रमांकासह नाव टिपतो आणि तो कागद मलपृष्ठाच्या आत ठेवून पुस्तक परत करतो. मागच्या महिन्यात त्यांतला एक कागद मला दुसऱ्याच पुस्तकात सापडला. माझ्या चुकलेल्या नावाखाली शिसपेन्सिलीने एक बारीक, नेटकी फुली मारलेली होती.