वाचक विचारतात : फोर्ट कोचीतल्या दोन रात्री

प्रश्न : येत्या मे महिन्यात माझ्या आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्ताने आम्ही भावंडे त्यांना फोर्ट कोचीमधील एका आलिशान बुटीक हॉटेलात दोन रात्री ठेवू इच्छितो. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली आहे. आई पूर्ण शाकाहारी आहे, बाबांना मासे चालतात. एवढ्या पैशांत नेहमीचे पंचतारांकित हॉटेल अधिक सोयीचे होईल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या आईवडिलांचे अभिनंदन. नुसती सोय पाहायची असेल, तर मोठे पंचतारांकित हॉटेल नक्कीच अधिक सोयीचे आहे. तरीही मी बुटीक, म्हणजे मोजक्या खोल्यांचे आणि स्वतःची वेगळी धाटणी असलेले हॉटेलच सुचवेन. मात्र हॉटेल ठरवून थांबू नका, त्यातली नेमकी खोली ठरवा. मोठ्या हॉटेलातल्या दोनशे खोल्या एकाच साच्यातून निघालेल्या असतात, त्यामुळे तिथे कोणतीही मिळाली तरी फारसे बिघडत नाही. जुन्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात किंवा वखारीत थाटलेल्या दहा-पंधरा खोल्यांच्या हॉटेलात मात्र एक खोली प्रशस्त आणि उजेडाची असते, तर तेवढ्याच भाड्याची दुसरी जिन्याखाली दडलेली असते.

‘बुटीक’ या शब्दावर विसंबू नका, हेही सांगायला हवे. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या मॉर्गन्स या हॉटेलामुळे हा शब्द रुळला. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारांकने देते, १९५० पूर्वीच्या वास्तूंमधील हॉटेलांसाठी ‘हेरिटेज’ अशी वेगळी वर्गवारीही आहे, पण ‘बुटीक’ ही त्यातली श्रेणी नव्हे. ते बिरूद मालकाने स्वतःच लावून घेतलेले असते आणि चार रंगीत उशा व एक पितळी समई एवढ्या भांडवलावरही ते लावलेले मी पाहिले आहे.

आता गुडघ्याविषयी, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या मावशीला घेऊन फोर्ट कोचीतल्या अशाच एका जुन्या घरात उतरलो होतो. छायाचित्रांत खोली देखणी होती आणि प्रत्यक्षातही ती तशीच निघाली. उंच छत, लाकडी जमीन, खिडकीला जुन्या पद्धतीच्या झडपा. फक्त ती वरच्या मजल्यावर होती, हे कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. जिना सागवानी, उभा आणि इतक्या अरुंद पायऱ्यांचा, की पाऊल तिरके ठेवावे लागे. कठड्याच्या जागी एका बाजूला जाड दोर बांधलेला. मावशी चढल्या कशाबशा, पण उतरताना दुसऱ्या पायरीवरच बसल्या आणि एकेक पायरी बसूनच खाली आल्या. तळमजल्यावरची खोली आमच्या मागून आलेल्या एका तरुण जोडप्याला दिली गेली होती. चूक हॉटेलची होती, तितकीच माझीही.

जुन्या वास्तूंत लिफ्ट बसवणे सहसा अवघड असते, म्हणून ती नसेल असेच गृहीत धरा. आरक्षण संकेतस्थळावरून करण्याआधी हॉटेलात थेट फोन करा आणि तळमजल्यावरची खोली क्रमांकासह मागा. न्हाणीघराला उंबरठा आहे का, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का आणि पलंग किती उंच आहे, हे विचारा; जुन्या पद्धतीचे काही पलंग इतके उंच असतात, की वर चढायला चौरंग ठेवलेला असतो आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला तो चौरंग म्हणजे शिक्षाच. उत्तरे पटली, की खोलीचा क्रमांक ईमेलवर लेखी घ्या. लहान हॉटेलचा फायदा इथेच दिसतो, कारण फोन उचलणारी व्यक्ती पुष्कळदा व्यवस्थापकच असते आणि तिला प्रत्येक खोलीची खोड ठाऊक असते.

समुद्राच्या दृश्याविषयीही स्पष्ट विचारा. फोर्ट कोचीत ‘सी व्ह्यू’ म्हणजे बहुतेकदा बंदराचे मुख, वायपीन बेटाच्या बाजूची खाडी. माझ्या मते ते मोकळ्या समुद्रापेक्षा कितीतरी सरस असते. मालवाहू जहाज इतक्या जवळून सरकते, की काही क्षण खिडकीत त्याच्या लोखंडी भिंतीखेरीज काही दिसत नाही; किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांना प्रतिभार म्हणून दोरांना दगड टांगलेले असतात आणि जाळे उचलताना ते एकामागोमाग खाली येताना दिसतात. बाबा त्या खिडकीशी अर्धा दिवस सहज काढतील. मात्र अशा खोलीत पहाटेपासून बोटींचे भोंगे ऐकू येतात. आईची झोप सावध असेल, तर आतल्या चौकाकडे तोंड असलेली खोली घ्या आणि जहाजे व्हरांड्यातून पाहा. डासांची तयारी कोणत्याही खोलीत ठेवावी लागेल. कोचीचे डास आपल्या खाडीकाठच्या डासांना हार जाणारे नाहीत.

जेवणाची चिंता कमी करा. आईंच्या शाकाहाराविषयी दोन दिवस आधी कळवले, तर छोटे स्वयंपाकघर आनंदाने वेगळे रांधते. न्याहारीचे आप्पम, इडियप्पम आणि भाज्यांचा इष्टू (नारळाच्या दुधातला रस्सा) त्यांना आवडेल. पदार्थांत खोबरेल असते, हे त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच घासाला ‘केसाच्या तेलाचा वास येतो’ हे वाक्य ऐकावे लागेल. बाबांनी करीमीन मासा चुकवू नये.

मे महिना मात्र मला पसंत नाही. उकाडा असतो आणि महिनाअखेरीस मोसमी पाऊस केरळच्या दाराशी आलेला असतो. लग्नाचा वाढदिवस ठाण्यातच साजरा करावा आणि प्रवास जानेवारी-फेब्रुवारीत ठेवावा. नाताळ आणि ३१ डिसेंबर टाळावेत, कारण त्या रात्रींना अनेक हॉटेले मेजवानीचे शुल्क सक्तीने जोडतात. नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याला थांबते, पण एर्नाकुलमपर्यंत, म्हणजे कोचीच्या रेल्वे स्थानकापर्यंत, एक अख्खा दिवस जातो, तेव्हा या खेपेला विमानच बरे. विमानतळ नेडुंबासेरीला, फोर्ट कोचीपासून ४० किलोमीटरहून अधिक दूर आहे; संध्याकाळच्या गर्दीत पोहोचणारे विमान घेऊ नका. आणि खोलीचे भाडे बाबांना परत आल्यावर सांगा.

प्रश्न : संकेतस्थळावर खोलीचे भाडे ७,६०० रुपये दिसते आणि शेवटी आकडा बराच फुगतो. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्कही लावले होते. ते द्यावेच लागते का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आकडा जीएसटीमुळे फुगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के कर आहे, आणि तो फक्त वरच्या फरकावर नसून पूर्ण भाड्यावर लागतो. म्हणून ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. आपल्यासारख्या सीमारेषेवरच्या भाड्यात हॉटेलला फोन करून शंभर रुपये कमी करायला सांगणे हास्यास्पद वाटले तरी शहाणपणाचे आहे. आपले हजाराहून अधिक वाचतात. ज्या हॉटेलने आदल्या आर्थिक वर्षात एखादी तरी खोली ७,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याने दिली असेल, तिथल्या उपाहारगृहातील जेवणावरही १८ टक्के कर लागतो.

सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरवली. ते काढून टाका, असे काउंटरवर शांतपणे सांगा. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सेवा मनापासून आवडली असेल, तर बक्षिसी ज्याने बॅगा उचलल्या त्याच्या हातात द्या.

प्रश्न : दुसऱ्या राज्यातील एका हॉटेलात समुद्राकडच्या खोलीचे पैसे घेऊन आम्हाला वाहनतळाकडची खोली दिली आणि परतावा नाकारला. तक्रारीसाठी तिकडेच जावे लागेल का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, म्हणजे आपण ठाण्यातच दाद मागू शकता. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आरक्षणाची पावती, खोलीचे वर्णन असलेल्या पानाचे छायाचित्र आणि खिडकीतून आपण काढलेला फोटो एकत्र ठेवा, आणि आयोगाकडे जाण्याआधी हॉटेलला ठरावीक मुदत देणारी लेखी नोटीस पाठवा. माझ्या पाहण्यात तरी अशी बरीच प्रकरणे त्या नोटिशीवरच मिटतात.